स्वमग्न बांधवांची खूण कोणती असावी?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव-समितीने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे. तो दिसतो तितका लहान नाही अशी आमची खात्री झाल्यामुळे त्यावर थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी आम्ही आपणांकडे मागतो. देवळाच्या उजव्या अंगाची जुनी खोली यंदा दुरुस्त झाली. ज्या मुलांना व मोठ्या माणसांना ध्वनिक्षेपकाचा कर्कश आवाज, घंटांचा गजर, उदाचा धूर आणि सणाच्या दिवसाची दाटी सहन होत नाही, त्यांना घरच्या माणसांसह तेथे निवांत बसून काचेतून वेदीकडे पाहत पवित्र मिस्सेत सहभागी होता यावे, अशी ही योजना. तिला कोणाचाही विरोध नाही. प्रश्न उद्भवला तो दारावर लावावयाच्या खुणेचा. एका सद्गृहस्थांनी जिगसॉ कोड्याच्या तुकड्याच्या आकाराचा निळा फलक स्वखर्चाने करून देण्याचे कबूल केले. एका भगिनींनी त्याच आकाराचे बिल्ले करवून ते मुलांच्या छातीवर लावावेत, म्हणजे ती मंडळींस ओळखू येतील व त्यांच्यावर कोणी डोळे वटारणार नाही, असे सुचविले.

दोघांचाही हेतू निर्मळ आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तरीही तो फलक व ते बिल्ले करवू नयेत असे आमचे मत आहे. आणि धर्मगुरूने नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, त्याने कारणही सांगितले पाहिजे.

ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. ऑटिझम, ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, तो औषधाच्या मात्रेने उतरणारा ताप नव्हे. मेंदूची घडणच मुळापासून काहीशी निराळी असते. बोलणे, दुसऱ्याच्या मुद्रेवरून त्याचे मन ओळखणे, आवाज, प्रकाश व स्पर्श यांची जाणीव, ठरलेल्या क्रमाची ओढ, हे सारे अशा माणसाच्या ठायी इतरांहून वेगळ्या रीतीने चालते. कोणी जन्मभर एक शब्दही उच्चारीत नाही. कोणी महाविद्यालयात व्याख्याने देतो. कोणाला घास भरविण्यापासून दुसऱ्याच्या हाताची गरज असते. लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग व जूडिथ गूल्ड या दोघींनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून, हा एक ठरीव साचा नसून अनेक छटांचा पट आहे, ही समजूत रूढ होत गेली.

आता खुणांकडे वळू. खुणांचे महत्त्व ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आपण दिवसाचा आरंभच कपाळावर खूण करून करतो. सेमिनरीत प्राचीन ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आमच्यासमोर दोन चित्रे आली होती, ती या प्रसंगी आठवतात. पहिले रोम नगरीतील पॅलेटाईन टेकडीवर १८५७ साली सापडले. एका भिंतीच्या गिलाव्यावर कोणी टवाळखोराने क्रुसावर खिळलेला गाढवाच्या डोक्याचा मनुष्य खरडला आहे, त्याच्यापुढे हात वर केलेला एक भक्त उभा केला आहे, आणि अलेक्सामेनोस नावाचा हा इसम आपल्या देवाची भक्ती करीत असल्याचे ग्रीक अक्षरांत लिहिले आहे. हे चित्र इसवी सन २०० च्या सुमाराचे असावे असे पुष्कळ विद्वान मानतात. दुसरे चित्र त्याच नगरीतील भुयारी दफनभूमींत दिसते, ते म्हणजे साधा मासा. मासा या अर्थाच्या ग्रीक शब्दाची अक्षरे घेतली की येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा, या शब्दांची आद्याक्षरे होतात. एक खूण आपल्या पूर्वजांविषयी दुसऱ्यांनी काढलेली, दुसरी त्यांनी स्वतः काढलेली. त्या दोहोंत जे अंतर आहे तेच आजच्या विषयाचे मर्म आहे.

मात्र कोड्याचा तुकडा काढणारे टवाळखोर नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ते आईबाप होते, आणि त्यांची त्या काळची स्थिती समजल्यावाचून त्यांच्या खुणेचा निवाडा करणे बरोबर नाही. डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अकरा मुलांची, म्हणजे आठ मुलगे व तीन मुली यांची, हकीकत १९४३ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून ऑटिझम हे नाव या स्थितीला चिकटले. पुढे काय झाले? आईबाप थंड हृदयाचे, म्हणून मूल असे निपजले, असा समज वैद्यकात पसरला. आईला चक्क फ्रीजची उपमा देण्यात आली! ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर १९६७ साली आपल्या ग्रंथाच्या नावातच अशा मुलाला रिकामा किल्ला म्हटले. जन्मांध मनुष्याला पाहून, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारल्याचे आपण शुभवर्तमानात वाचतो. विसाव्या शतकातील विद्वान तोच प्रश्न शास्त्राच्या भाषेत विचारीत होते, आणि प्रभूने दिलेला नकार मात्र त्यांच्या कानी गेलेला नव्हता.

अशा दिवसांत, १९६२ साली, लंडनमध्ये काही पालकांनी एकत्र येऊन एक संस्था स्थापन केली. आज ती नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या कार्यकारिणीतील जेराल्ड गॅसन या पालकाने १९६३ साली कोड्याच्या तुकड्याची खूण तयार केली. त्या तुकड्यात एका रडणाऱ्या मुलाची आकृती होती. आमची मुले आम्हांला उमगत नाहीत, वैद्यांनाही उमगत नाहीत, आणि दोष मात्र आमच्या माथी मारला जातो, असा त्या आईबापांचा आक्रोश त्यात होता, असे आम्हांस वाटते. त्या आक्रोशाला हसणारा मनुष्य आम्ही आपल्या धर्मग्रामात पाहू इच्छीत नाही. पुढे ती खूण समुद्रापार गेली. अमेरिकेत १९९९ साली रंगीबेरंगी तुकड्यांची फीत आली. २००५ साली स्थापन झालेल्या ऑटिझम स्पीक्स या संस्थेने निळा तुकडा घेतला. संयुक्त राष्ट्रसंघाने २ एप्रिल हा दिवस या विषयाला वाहिल्यावर त्या दिवशी जगातील मोठमोठ्या इमारतींवर निळे दिवे लागू लागले. आपल्या सद्गृहस्थांनी ती खूण पाहिली व तीच सर्वमान्य असावी असे मानले, यात नवल नाही.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. ती मुले मोठी झाली.

ती मोठी झाली, बोलू लागली, ज्यांना बोलता येत नव्हते ती लिहू लागली, आणि पहिल्याने त्यांनी काय सांगितले असेल, तर आम्ही कोडे नाही. १९९३ साली टोरंटो येथील एका परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न वक्त्याने पालकांना विनविले की तुम्हांला हवे होते ते मूल आले नाही याचा शोक करावयाचा तर करा, पण आमच्यासाठी शोक करू नका, आम्ही येथे जिवंत उभे आहोत. तुकडा म्हटला की तो कोठून तरी निखळलेला. कोडे म्हटले की ते दुसऱ्या कोणी तरी सोडवावयाचे. आणि खेळणे म्हटले की ते लहान मुलाचे, मग चाळीस वर्षांच्या स्वमग्न मनुष्याने कोठे जावे? ही नुसती हळव्या मनाची तक्रार आहे की काय, हेही तपासले गेले. अमेरिकेतील संशोधकांनी ४०० सामान्य लोकांना अशी चित्रे दाखवून मनात काय येते याची परीक्षा केली. त्यांना अपुरेपण, दोष, विचित्रपणा अशाच गोष्टींची आठवण प्रामुख्याने होते असे दिसून आले. त्यानंतर ‘ऑटिझम’ याच नावाच्या संशोधन-नियतकालिकाने २०१८ साली आपल्या मुखपृष्ठावरून तो तुकडा काढून टाकला. ज्या लंडनच्या संस्थेत तो जन्मला तिनेही तो केव्हाच सोडला आहे.

निळ्या रंगाचेही असेच. ही स्थिती मुलग्यांतच असते, असे पुष्कळ काळ मानले गेले, आणि पाश्चात्त्य देशांत निळा हा मुलग्यांचा रंग. कॅनरच्या अकरांतच तीन मुली होत्या, तरी मुलींकडे लक्ष गेले ते फार उशिरा. गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे तर गुणीच ठरते! निळ्याचे नाव ज्या संस्थेशी जोडले गेले तिच्या संचालक मंडळावर २०१५ च्या अखेरीस दोन स्वमग्न व्यक्तींची नेमणूक झाली, तेव्हा ती संस्था दहा वर्षांची झाली होती. पुष्कळ स्वमग्न मंडळी त्या दिवशी मुद्दाम तांबडा अथवा सोनेरी रंग वापरतात, त्याचे कारण हे.

मग त्यांनी स्वतः कोणती खूण घेतली? आडवा आठ आपण सर्वांनी गणिताच्या पुस्तकात पाहिला आहे. अनंत दाखविण्यासाठी त्याचा उपयोग जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५५ साली प्रथम केला. (वॉलिस हा स्वतः दीक्षित पाळकही होता, ही गोष्ट गणिताला भिणाऱ्या धर्मगुरूंनी लक्षात ठेवावी.) १८ जून २००५ रोजी स्वमग्न व्यक्तींच्याच एका संघटनेने आपला अभिमान-दिन प्रथम पाळला, तेव्हापासून इंद्रधनुष्याच्या रंगांतील हे अनंतचिन्ह पसरत गेले. मनुष्यमात्राचे मेंदू एकाच घडणीचे नसतात, जसे वनातील सर्व वृक्ष एका जातीचे नसतात, हा विचार १९९० नंतरच्या दशकात याच मंडळींच्या आपसांतील चर्चांतून पुढे आला, आणि न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूंचे वैविध्य, हा शब्द रूढ झाला. त्यात स्वमग्नतेबरोबर डिस्लेक्सिया, अतिचंचलता इत्यादीही येतात. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे यांतील डिस्लेक्सियाची ओळख आपल्या पुष्कळ घरांस झालीच आहे. सात रंगांचे चिन्ह या सर्वांचे. केवळ स्वमग्नतेसाठी पुष्कळजण तेच चिन्ह सोनेरी रंगात वापरतात. सोन्याला लॅटिन भाषेत ‘आउरुम’ म्हणतात, त्याची पहिली दोन अक्षरे हीच रसायनशास्त्रात सोन्याची खूण, आणि रोमन लिपीत ऑटिझम हा शब्दही त्याच दोन अक्षरांनी सुरू होतो. आपल्या सुवर्णमहोत्सवाशी हा रंग जुळतो, हा निव्वळ योगायोग.

सभेपूर्वी दोन आक्षेप आमच्या कानी आले. पहिला असा, की सात रंग हे दुसऱ्या एका चळवळीचेही निशाण आहे. असेल, परंतु नोहाच्या कथेतील मेघांत ते त्याहून कितीतरी आधी उमटले आहेत, आणि येथे त्यांचा अर्थ छटांची विपुलता एवढाच आहे. या आक्षेपावर याहून अधिक वेळ आम्ही घालवीत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो एका मातेचा आहे. तिचा मुलगा वीस वर्षांचा आहे; तो बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही, आणि असह्य झाले म्हणजे स्वतःच्या डोक्यावर मुठी मारून घेतो. ती म्हणाली, “फादर, तुमच्या या सोन्यात आणि इंद्रधनुष्यात माझी रात्र कोठे आहे? तो रडका तुकडा मला माझा वाटतो.” आम्हांस यावर चटकन उत्तर सुचले नाही, आणि जे पुढे सुचले तेही अर्धेच आहे. गौरवाची खूण लावली म्हणजे कष्ट संपले असे मानणारा समाज त्या मातेला दुसऱ्यांदा एकटे पाडतो. तिच्या पदराला तो तुकडा टाचलेला असेल तर तो काढ म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, समितीसही नाही. तिचे दुःख तिचे आहे आणि त्याची खूण तिने निवडावी. परंतु देवळाच्या दारावरची खूण तिच्या दुःखाची असावी की तिच्या मुलाची असावी, एवढाच प्रश्न आम्ही तिला विचारला. ती अद्याप विचार करीत आहे, आणि आम्हीही.

आता बिल्ल्यांविषयी. येथे आमचे मत अधिक ठाम आहे. मध्ययुगात युरोपातील कुष्ठरोग्यांना हाती लाकडी खुळखुळा अथवा घंटा घेऊन फिरावे लागे, हे आपण ऐकले असेल. लोकांना ते ओळखू यावेत हाच त्यातील एक हेतू होता. ओळखल्यावर लोक काय करीत, ते सांगावयास नको. याउलट इंग्लंडमधील गॅटविक विमानतळावर २०१६ साली एक रीत सुरू झाली. ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, त्यांनी इच्छा असल्यास सूर्यफुलाची चित्रे असलेली हिरवी फीत गळ्यात घालावी, म्हणजे या प्रवाशाला थोडा अधिक वेळ व धीर द्यावा हे नोकरवर्गाला कळते. ही रीत पुढे अनेक देशांत गेली. फीत मागणारा स्वतः मागतो, व नको तेव्हा काढून खिशात ठेवतो. छातीवर दुसऱ्याने टाचलेला बिल्ला आणि गळ्यात आपण घातलेली फीत, दोन्ही कापडाचीच. तरी एकीचे कुळ त्या खुळखुळ्याशी जुळते आणि दुसरीचे जुळत नाही.

चिन्हात मनुष्य दिसला पाहिजे, याचे एक उदाहरण आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. इस्पितळात व रेल्वे स्थानकावर चाकाच्या खुर्चीची जी खूण असते ती मूळ १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटली. तिच्या चित्रात केवळ खुर्ची होती. पुढच्या वर्षी ती जगासाठी स्वीकारताना कार्ल मोंटान यांनी वर एक लहानसे वर्तुळ बसविले, आणि त्या वर्तुळाने खुर्चीत मनुष्य येऊन बसला. पुढच्या वेळी ती खूण पाहाल तेव्हा बोटाने ते डोके झाकून पाहा.

शब्द हीदेखील खूणच आहे. ‘स्वमग्न’ हा शब्द मराठीत ग्रीक ‘आउतोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून घडविलेल्या मूळ शब्दाला धरून आला. तो ऐकला की स्वतःतच बुडालेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो, आणि हे बहुधा खरे नसते; कान झाकून घेणारे मूल जगापासून तुटलेले नसून जग त्याच्या अंगावर अति वेगाने येत असते. कित्येक पालक म्हणून ‘ऑटिझम असलेले मूल’ असे म्हणतात. तर कित्येक स्वमग्न प्रौढांना ऑटिझम हा पिशवीसारखा बाजूला ठेवण्याजोगा वाटत नाही, म्हणून ते स्वतःला सरळ ‘ऑटिस्टिक’ म्हणवितात. दुसऱ्यांनी दिलेले नावही आपलेसे होऊ शकते. अंत्युखियात शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पडले, आणि आपण ते आजवर मिरवीत आहो. समोरचा ज्या नावाने स्वतःला संबोधतो ते नाव घ्यावे, एवढेच आम्ही म्हणतो. ‘वेडा’, ‘मंद’, ‘देवाने शिक्षा दिलेला’ हे शब्द मात्र देवळाच्या आवारात नकोत. आणि ‘देवदूत’ही नको, कारण देवदूताला खोडी काढण्याची मुभा नसते. आपल्या देशाच्या कायद्यात ऑटिझमचे नाव प्रथम १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याच्या यादीत ते नव्हते, आणि २०१६ च्या नव्या कायद्याच्या २१ प्रकारांत त्याचा समावेश झाला. कायद्यात नाव नसल्याने काय होते हे ज्यांनी प्रमाणपत्रासाठी खेटे घातले त्या पालकांना विचारावे.

कॅनरच्या अकरांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट याचे पुढे काय झाले, ते सांगण्याजोगे आहे. वैद्यांच्या सल्ल्याने त्याला लहानपणी एका संस्थेत ठेवण्यात आले होते. आईबापांनी त्याला घरी परत आणले. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावी तो वाढला, महाविद्यालयीन पदवीधर झाला, गावच्या बँकेत अनेक दशके नोकरी केली, गॉल्फ खेळला, एकट्याने दूरदूरच्या देशांत प्रवास केला, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याच्यावर कोणतीही खूण लावली नव्हती. लोक त्याला ओळखत होते. सर्वांचेच भाग्य असे नसते, आणि त्याचे घराणे सधन होते हेही विसरू नये. पण शेजार सधन असावाच लागतो असे नाही.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते. लूकच्या शुभवर्तमानात बाळाच्या नावाविषयी शेजारी व नातलग यांनी परस्परच ठराव केला होता. एलिझाबेथने नको म्हटले तरी त्यांचे समाधान होईना. शेवटी त्यांनी मुक्या झालेल्या जखऱ्याला खुणेने विचारले, त्याने पाटी मागितली, आणि तीवर योहान हे नाव लिहिले. बोलता न येणाऱ्याच्या हाती पाटी देण्याची ती रीत आपण उचलली आहे. आपल्या धर्मग्रामातील ज्या घरांनी आमच्याकडे नावे दिली, त्या प्रत्येक घरी सिस्टर चित्रांचा एक कागद घेऊन जात आहेत. त्यावर सोनेरी अनंतचिन्ह, सात रंगांचे अनंतचिन्ह, सूर्यफूल, कोड्याचा तुकडा आणि एक रिकामा चौकोन आहे. ज्याला बोलता येते त्याने बोलावे, ज्याला नाही त्याने बोट ठेवावे, आणि ज्याला यांतले काहीच नको त्याने चौकोनात आपले काढावे. कागदावर पालकांनी मुलाच्या वतीने घाईने बोट ठेवू नये, ही विनंती.

तोपर्यंत दारावर ‘शांत खोली’ एवढीच ठळक अक्षरे असतील. बिल्ले होणार नाहीत. सद्गृहस्थांनी फलकासाठी काढून ठेवलेली रक्कम पंख्यांकडे वळविण्यास आनंदाने संमती दिली आहे, कारण आतापर्यंत आलेल्या उत्तरांपैकी एका तरुणाने चौकोनात चित्र न काढता लिहिले आहे की खुणेचे मागाहून पाहू, आधी त्या खोलीतील पंख्याची करकर थांबवा. दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीने बोट कोठेच न ठेवता कागद घडी करून स्वतःजवळ ठेवून घेतला आहे; तिला दुसरा देण्यात येईल. ज्या घरी सिस्टर अद्याप पोहोचल्या नाहीत त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयात कळवावे. कागद परत करण्यास मुदत ठेवलेली नाही.